सातव्या पानावरचा पडदा

२ फेब्रुवारी

आज ही वही काढली, कारण राग कुठेतरी ठेवायला हवा आणि ऑफिसातली कपाटं भरलेली आहेत.

अकरा वर्षं मी चित्रकथांच्या साप्ताहिकात वाचकांचं पान सांभाळते. प्रत्येक अंकात एक कार्ड जोडलेलं असतं. वाचकाने आवडलेल्या तीन मालिकांना क्रमांक द्यायचे, खाली चार ओळी मत लिहायचं आणि टपालपेटीत टाकायचं. कार्डं माझ्या टेबलावर येतात. मी क्रमांक मोजते, त्यातली चार-पाच मतं निवडून छापते. सलग दोन महिने तळाला राहिलेली मालिका बंद होते. मग तिचा चित्रकार कितीही मोठा असो.

आमची सहा वर्षं चाललेली जपानी धाटणीची मांगा मालिका म्हणजे ‘उमरावांचा मुक्काम’. ‘आमची’ म्हणते, कारण ती माझा धाकटा भाऊ काढतो आणि तिच्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं मी बसवते, घरी, त्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून. उमराव हा साडेतीनशे वर्षांचा व्हँपायर. रक्त पाहिलं की त्याला चक्कर येते, म्हणून बिटाच्या रसावर राहतो. बोलावल्याशिवाय व्हँपायरला कुणाच्या घरात शिरता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मालिकेत पुढची गंमत अशी की मालकाने ‘जा’ म्हटल्याशिवाय त्याला बाहेरही पडता येत नाही. घरमालकिणीने त्याला नळ दुरुस्त करणारा समजून आत घेतलं, आणि तेव्हापासून ती ‘जा’ म्हणायचं नाव काढत नाही. आधी माळ्यावरची जळमटं काढ, तुला उडता येतं. आधी वरच्या फळीवरचा डबा दे. वाचक पोट धरधरून हसतात. घरमालकीण तर मला फार आवडते. बाई कशी कर्तबगार आहे.

आणि आज हे कार्ड. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून चालली असावी. क्रमांक तिन्ही कोरे. खाली लिहिलंय: ‘उमराव थकला आहे. त्याचं हसू ओढून आणलेलं दिसतं. त्याला आता त्या खोलीतून जाऊ द्या.’ सही: एक कंटाळलेला.

कंटाळलेला आहेस तर नको वाचूस. उचलली जीभ लावली टाळ्याला.

३ फेब्रुवारी

संध्याकाळी धाकट्याला कार्ड वाचून दाखवलं. त्याला वाईट वाटेल म्हणून आधी चहा दिला. वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. उलट विचारलं, तुला काय वाटतं ताई, त्याचं खरं असेल का? मी म्हटलं, ज्याला स्वतःचं अक्षर धड काढता येत नाही त्याने तुझ्या रेषेबद्दल बोलूच नये. त्याने पेन्सिलला टोक काढलं. मग म्हणाला, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं. पण पान चारवरचे दोन फुगे इतके लहान ठेवले होते त्याने, की अक्षरं मावेनात. ते आधी निस्तरायला लागलं, आणि बोलणं राहून गेलं.

उजव्या अंगठ्याला परत पट्टी बांधलीये. मी म्हटलं, शेक दे.

१० फेब्रुवारी

दुसरं कार्ड. ‘घरमालकीण दुष्ट नाही. पण तिला ऐकू येत नाही.’

घरमालकिणीचे कान ठणठणीत आहेत. एकशे बाराव्या अंकात ती तीन खोल्या पलीकडून उमरावांनी उघडलेल्या बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकते. अभ्यास नाही, काही नाही, चालले मतं द्यायला. टपालाचा शिक्का आमच्याच भागातला आहे. म्हणजे हा प्राणी इथेच कुठेतरी राहतो, कदाचित आमच्याच दुकानात दूध घेतो.

मी ठरवलंय. त्याचं कार्ड छापायचं आणि शेजारी उत्तर द्यायचं. उत्तर तासाभरात लिहून झालं. बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

हे नवीनच. उत्तर छापल्यापासून कार्डांचा ढीग दुप्पट झालाय. निम्मे वाचक माझ्या बाजूचे, बाकीचे कंटाळलेल्याच्या. एका शाळेच्या शिक्षिकेने लिहिलंय की वर्गात दोन तट पडलेत. एक आजोबा म्हणतात, त्यांनी मालिका कधी वाचली नव्हती, भांडणासाठी मागचे अंक मागवले. ‘उमराव’ सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर.

संपादक स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते काचेतून बोट करतात. हसत म्हणाले, तुमचा तो शत्रू जपून ठेवा. मी सांगितलं, शत्रू माझा नाही, चांगल्या अभिरुचीचा आहे.

घरी येऊन क्रमांक सांगितला तेव्हा धाकट्याने ब्रश खाली ठेवला आणि नुसतं ‘दुसरा?’ म्हणाला. आनंदाने माणूस कधीकधी असा सुन्न होतो.

२६ फेब्रुवारी

आज पान सात वाचवलं. धाकट्याने उमरावांना सताड उघड्या खिडकीत उभं केलं होतं, भर दुपारी, तोंडावर ऊन घेऊन. व्हँपायर. उन्हात. पुढच्या चौकटीत राख काढावी लागली असती. सहा वर्षं ही मालिका काढणाऱ्याला हे कळू नये? तो झोपला होता, उठवलं नाही. पांढऱ्या रंगाने खिडकी पुसली आणि स्वतःच्या हाताने जाड पडदा काढला, चुण्यांसकट. मलाही काढता येतं थोडंफार. सकाळी त्याला सांगायचं म्हणून ठेवलं होतं, पण पानं न्यायला माणूस आला आणि राहिलंच. अंकात दिसेलच म्हणा. पण तो छापलेला अंक हल्ली उघडत नाही. मी आणून देते, तो तसाच खिडकीपाशी रचतो. गठ्ठा गुडघ्याएवढा झालाय.

४ मार्च

भावजयीचा फोन होता. ती सात तासांच्या अंतरावर एका इस्पितळात परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिची तिकडे बदली झाली, माझी भाची तिच्याबरोबर असते. धाकट्याला दर गुरुवारी पानं द्यायची असतात, त्यामुळे तो इथे. आहे हे असं आहे. लोक जहाजावर नोकरीला जातात तेही वर्षवर्ष घरी येत नाहीत.

भाचीचा पहिला दात पडला. तो तिने फोनवर वाजवून दाखवला, म्हणजे वाटीत टाकून. धाकटा बराच वेळ फोन कानाला धरून बसला, तिकडून ठेवल्यावरही. नंतर म्हणाला, ताई, मी तिकडे जायचा विचार करतोय. मी म्हटलं, जा ना, दोन भागांचा साठा करून ठेवलास की चार दिवस जाऊन ये. दात पडण्यावरून उमरावांचा एक भाग छान होईल, तेही सुचवलं. हल्ली कल्पनासुद्धा मीच पुरवायच्या.

१२ मार्च

सापडला! बेटा स्वतःच्या पायाने सापळ्यात आला.

आजचं कार्ड जसंच्या तसं उतरवते: ‘सातव्या पानावर उमराव खिडकीत उभा राहून तोंडावर ऊन घेतो, तेवढं एक चित्र खरं वाटलं. जळला तरी चालेल असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. बाकी सगळे भाग या एका चित्रासाठी विसरायला तयार आहे.’

सातव्या पानावर पडदा आहे! मी काढलेला, जाड, चुण्यांचा! म्हणजे हा मनुष्य अंक वाचतच नाही. न वाचता मतं देतो. नाकाने कांदे सोलतो आणि समोर पडदा आहे का खिडकी ते याला दिसत नाही. साठ कार्डांमध्ये एकानेही ऊन पाहिलेलं नाही, कारण ते नाहीच. उत्तर असं लिहिलंय की वाचून ऑफिसातली टाइप करणारी मुलगी हसून बेजार झाली. शेवटी त्याला चष्म्याच्या दुकानाचा सल्ला दिलाय.

धाकट्याला सांगायला गेले तर तो भाजी आणायला निघून गेला होता. घरात भाजी होती.

२१ मार्च

संपादकांनी आज बसायला खुर्ची दिली. मालिका पहिली आली आहे. त्यांचं म्हणणं, आणखी तीन वर्षांचा करार करू, आणि आठवड्याला सोळा पानांऐवजी चोवीस. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. अशी संधी दारात उभी राहते तेव्हा घरात विचारून येते असं सांगायचं नसतं.

घरी सांगितलं. धाकटा उठला आणि मोरीत जाऊन ब्रश धुवायला लागला. एक ब्रश किती वेळ धुवावा? पाणी कधीच स्वच्छ झालं होतं. बाहेर येऊन म्हणाला, तू मला विचारलं नाहीस. मी म्हटलं, तुझ्या भल्याचंच केलं ना? तो म्हणाला, हो, नेहमीच करतेस. आणि हे कृतज्ञतेने म्हणतात तसं म्हणाला नाही, एवढं मलाही कळलं.

आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. मी एकोणीस. याच्या डब्यापासून याच्या पहिल्या शाईच्या बाटलीपर्यंत सगळं मी पाहिलं. त्याचा मोबदला मागत नाही. पण तोंड पाडून ब्रश धुणं हेही मला नको आहे.

२९ मार्च

कंटाळलेल्याचं कार्ड, एकच ओळ: ‘आणखी तीन वर्षं?’

कराराची बातमी अजून छापलेली नाही. ऑफिसात कुणाच्या तरी तोंडाला कुलूप नाही. चौकशी करणार आहे.

पण आता पुरे झालं. पाच तारखेला छापखान्याच्या वरच्या सभागृहात वाचकांचा मेळावा आहे. या अंकात त्याला जाहीर बोलावणं दिलंय: हिंमत असेल तर समोर या, पहिल्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची ठेवली आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

५ एप्रिल

आल्याबरोबर लिहायला बसले.

सभागृहात दीडशेएक माणसं. मंचावर संपादक, मी आणि धाकटा. पहिल्या रांगेत मधोमध रिकामी खुर्ची, तिच्यावर मी माझ्या हाताने लिहिलेला पुठ्ठा: एक कंटाळलेला. लोक वळून वळून दाराकडे बघत होते. मी भाषण केलं. चांगलं झालं. पडद्याच्या प्रकरणावर टाळ्या पडल्या. शेवटी खुर्चीकडे बोट करून म्हटलं, बघा, आले नाहीत. न येणाऱ्याची मतं अशीच असतात.

तेव्हा धाकटा उठला. मला वाटलं पाणी हवंय. तो मंचाच्या पायऱ्या उतरला, पुठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि त्या खुर्चीत बसला.

छप्पर उडेल एवढा हशा. लोकांना वाटलं, ठरवून केलेला विनोद आहे. संपादक तर टेबलावर हात आपटत होते. मीही हसायला लागले होते, हे इथे कबूल करते. कुणीतरी ध्वनिक्षेपक धाकट्याच्या हातात दिला. तो लोकांशी बोललाच नाही. माझ्याकडे बघून हळू म्हणाला, “सातव्या पानावर तू पडदा काढलास, हे कार्ड लिहिताना मला माहीत नव्हतं, ताई.”

लोक आणखी हसले. माझं हसू तिथेच थांबलं. ते ऊन जगात दोनच माणसांनी पाहिलं होतं. एकीने पुसलं होतं.

६ एप्रिल

संताप. दुसरा शब्द नाही. दीडशे माणसांसमोर. दोन महिने माझ्यासमोर बसून जेवत होता आणि पाठीमागे डाव्या हाताने कार्डं लिहीत होता. मी उत्तरं वाचून दाखवायचे, तो ऐकायचा. चष्म्याचा सल्लासुद्धा ऐकला. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची? आज त्याच्याशी बोलले नाही. चहा ठेवला, हाक मारली नाही.

७ एप्रिल

बोलले. म्हटलं, सांगायचं होतंस मला सरळ. एवढं नाटक करून मालिका बंद पाडायची होती तुला?

त्याने मान हलवली. “एका कार्डाने मालिका बंद होत नाही, मला काय कळत नाही? घरात सांगितलेलं तुझ्यापर्यंत पोचत नाही, ताई. कार्ड मात्र तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस.”

मी म्हटलं, खोटं आहे, तू कधी काही सांगितलंच नाहीस. आणि पुरावा म्हणून ही वही काढली.

तीन फेब्रुवारी. चार मार्च. एकवीस मार्च. माझ्याच अक्षरात. बोलायचं होतं म्हणाला, तर मी फुगे निस्तरले. जायचं म्हणाला, तर चार दिवस जाऊन ये म्हटलं. लेकीचा दात पडला तेव्हा मी त्यातून एक भाग काढायला सांगितला. पट्टी बांधलेल्या अंगठ्याला शेक दे म्हणाले, आणि तो डाव्या हाताने लिहितोय हे मला दिसलं नाही. कोंबडी म्हटलं त्याच्या अक्षराला.

वही त्याला दाखवली नाही. मिटून ठेवली.

८ एप्रिल

दिवसभर ती दुसरी ओळ डोक्यात आहे. घरमालकीण दुष्ट नाही, पण तिला ऐकू येत नाही. सहा वर्षं मी तिची वाक्यं चिकटवली. ‘आधी डबा काढून दे’ हे मी याला सकाळीच म्हणते. तिची कमरेवर हात ठेवायची पद्धत बघून मला वाटायचं, किती ओळखीची बाई काढलीये याने.

राग अजून आहे. पण त्याच्या खाली काय आहे ते लिहून टाकते, कुणी वाचणार नाही. तो गेला की टेबलाच्या पलीकडे कुणी नसेल. मला त्याची भीती वाटते. म्हणूनच माझ्या तोंडून ‘जा’ निघालं नाही.

१० एप्रिल

संपादकांना सांगितलं, करार होणार नाही, शब्द मी दिला होता, मीच परत घेते. खुर्ची नाही मिळाली या वेळी. त्यांनी बरंच ऐकवलं. पहिल्या क्रमांकाची मालिका कुणी बंद करतं का, तुम्ही स्वतः नियम जाणता. मी म्हटलं, वाचकाचं मत आलं आहे, आणि या खेपेला मी ते नीट वाचलंय. त्यांना काही कळलं नसावं. तीन भागांत संपवा म्हणाले आणि काचेमागे गेले.

२९ एप्रिल

शेवटची सोळा पानं. धाकटा पेन्सिलचं काम संपवून झोपला, मी अक्षरं बसवायला घेतली. भर दुपार होती, टेबलावर ऊन पडलं होतं.

शेवटच्या पानावर दार उघडं आहे. उमराव उंबऱ्यात पेटी घेऊन उभे, बाहेर लख्ख ऊन. दारात घरमालकीण, कमरेवर हात. तिच्या तोंडापाशी एक फुगा. संवादाच्या कागदात बाकी सगळं लिहिलं होतं, या फुग्यापुढे काहीच नाही. विसरला म्हणून उठवायला निघाले आणि थांबले. फुगा चांगला मोठा काढला होता. हा माझ्यासाठी कधी मोठे फुगे काढत नाही.

अर्धा तास बसले. ती एवढी मोठी बाई, काय बोलेल? मग अक्षरं कापून चिकटवली. ‘जा. छत्री घेऊन जा.’

पांढऱ्या रंगाची बाटली उघडलीसुद्धा नाही.

४ मे

सकाळी गाडीवर सोडून आले. पेटी चांगलीच जड, त्यात उजव्या हाताने काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून जिन्यावर मीच धरली. तो म्हणाला, तू सुट्टी काढून ये. मी म्हटलं, बघू. मग आठवलं की हे माझं ‘बघू’ त्याला पाठ आहे, म्हणून तारीख सांगितली.

१९ मे

वाचकांनी माझं डोकं खायचं तेवढं बाकी ठेवलंय. तीनशे चौदा कार्डं, सगळी संतापलेली. घरमालकिणीला असं परस्पर ‘जा’ म्हणायचा काय अधिकार? शिक्षिकेच्या वर्गात मुलं रडली. आजोबांनी अंक परत पाठवला. काय एकेकाची भाषा! यांना मालिका हवी, चित्रकाराच्या अंगठ्याचं काय ते विचारायला नको. एकेकाला उत्तर देणार आहे, सोडणार नाही.

गठ्ठ्याच्या तळाशी एक कार्ड होतं. शिक्का सात तासांवरचा. अक्षर कोंबडीचं, पण थोडं सुधारलेलं. मत: ‘घरमालकीण शेवटी बरी वागली. तिचं पुढे काय झालं, ते कळवावं.’ कोपऱ्यात रंगीत खडूने काढलेला एक व्हँपायर, समोरचा एक दात नसलेला. ते चित्र त्याच्या हातचं नव्हे.

सही नेहमीची नाही. ‘एक वाचक’ एवढंच.

हे छापायचं नाही. उत्तर मात्र लिहिलं, साध्या पोस्टकार्डावर, आणि येताना स्वतः पेटीत टाकलं. घरमालकीण बरी आहे. खोली झाडून ठेवली आहे, भाड्याने द्यायची नाही. खिडकीला पडदा होता, तो काढून टाकला.